खड्ड्यातली ऊब

मी एक जुना खतखड्डा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या पणज्यांनीही मुरडले होते आणि भाजीची साले शेवटी माझ्याच पदरात टाकली होती.

सोलापुरात, गिरणीमागच्या एका बोळात, चंद्रव्वाने मला खणले. परड्यात वांगी-दोडकी लावून पोट भरणारी ही विधवा बाई. घरोघरचे खरकटे, कडुनिंबाचा पाला, राख, शेण असे थरावर थर ती मला द्यायची आणि अधूनमधून खोऱ्याने वरखाली करायची. त्याने मी आतून तापत असे. थंडीत पहाटे माझ्या अंगातून वाफ निघू लागली, की गिरणीला निघालेली माणसे अंग चोरून पलीकडच्या कडेने जात. खरे सांगतो, मला त्याची गंमत वाटे.

बाळामागून पडणारी बाळंतिणीची वार माझ्या पोटात पुरायची, ही आमच्या बोळाची रीत. शेजारच्या शिवबाईला पहिला मुलगा झाला, तेव्हा त्याचीही वार पुरली. मूल मात्र बारशाआधीच गेले. त्याला गावाबाहेर मूठमाती दिली. शिवबाई रडली नाही. घरच्यांना त्याचीच धास्ती वाटत होती.

मग एका पहाटे ती आली. वाफेकडे बघत राहिली आणि तिने कोपरापर्यंत हात माझ्यात घातला.

"अक्का, माजं बाळ हितं हाय," ती चंद्रव्वाला म्हणाली. "अंगात ऊब हाय त्याच्या."

तेव्हापासून ती रोज येऊ लागली. माझ्यावर वाकळ पांघरली. कुणाला कचरा टाकू देईना, खोरे लावू देईना. तिचे जेवण सुटले, डोळे खोल गेले. वाकळीखाली ती माझ्याशी हळूच काहीबाही बोले आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवी. खोटे कशाला सांगू, तिचा हात आत आला की माझ्या पोटातही काहीतरी हलत असे. किडे असतील.

पण कोंडलेला खड्डा निवतो. एके दिवशी तिच्या हाताला मी गार लागलो. ती भेदरून चंद्रव्वाकडे धावली.

चंद्रव्वाने वाद घातला नाही. खोरे आणून तिच्या हातात दिले.

"ऊब पायजे तर तूच उकर, शिवे. वारं न्हाय लागलं तर असंच गार पडतंय."

शिवबाई उकरू लागली. थर उलटत गेले. साले नव्हती, पाला नव्हता, राख नव्हती. ती पार तळाशी पोचली. तिथे काळी, भुसभुशीत माती तेवढी होती.

"कुटं गेलं, अक्का?"

"हितं कुणी ऱ्हात न्हाय, पोरी. हितं समद्याची माती हुती."

दोघींनी मिळून मला पुन्हा थर देऊन भरले. पुढे मी तापलो, वाफ निघू लागली. शिवबाईने पहाटे येऊन हात घातला. माझ्या पोटात तेच हलले. तिने मात्र हात काढून घेतला.

"कचरा तापलाय," ती म्हणाली, आणि तिथेच बसून मूल गेल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.

मित्रांनो, मला दिलेले मी जसेच्या तसे परत देत नाही, तेवढी माझी ताकद नाही. पण मला झाकून ठेवू नका. आणि तुमच्या घरात कुणी न रडता बसले असेल, तर त्यालाही झाकून ठेवू नका.