पाळणाघराचा डेक

तात्यांना फट सहन होत नसे. दाराची, खिडकीची, टेबलाची, कुणाच्याही कामातली. उभा जन्म त्यांनी सुतारकामात घालवला होता आणि त्यांच्या जोडात नखसुद्धा शिरत नाही, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा ते स्वतःच जास्त म्हणत. पुढे लाकूड महागलं, गिऱ्हाइकं तयार फर्निचरकडे वळली, दुकान बंद पडलं. फटीवरचा राग मात्र तसाच राहिला.

आता घरात डेकचा धंदा होता. गच्ची, अंगण, जिथे म्हणून ऊनपाऊस लागतो तिथे भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेल्या फळ्या बसवायच्या. ऑर्डर आणि माल मुलगा बघे. प्रत्यक्ष काम सून करी, तिने ते रीतसर शिकून घेतलं होतं. तात्यांना या फळ्यांचं कौतुक शून्य. ना धड लाकूड, ना धड प्लास्टिक, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. तेल नको, पॉलिश नको, वर्षातून चार वेळा साबणाच्या पाण्याने ब्रश मारला की झालं. "वाळवीसुद्धा तोंड लावत नाही, यावरून काय ते समजा," असं ते जेवताना सांगत आणि सून हसे.

तरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार तेच असत. घरी बसायच्या नुसत्या कल्पनेने त्यांच्या अंगावर काटा येई. मुलाला वाटे, आता पुरे झालं. एकदा तात्यांनी फळ्या खालून धरणाऱ्या क्लिपा बाजूला ठेवून सरळ वरून स्क्रू मारले होते आणि दोन फळ्या चिरल्या होत्या. त्या दिवशी मुलाने बजावलं, "तात्या, अजून एक घोळ झाला ना, तर तुम्ही घरी. मग माझ्याशी बोलायचं नाही." तेव्हा सूनच मध्ये पडली. "राहू दे. मला त्यांचा हात हवाय," म्हणाली. हे वाक्य तात्यांनी पुढे बरेच दिवस मनात घोळवलं.

पाळणाघराची गच्ची थंडीच्या दिवसांत केली. मुलांना खेळायला जागा हवी होती आणि फरशी गार पडे. लोखंडी सांगाडा झाला, फळ्या चढू लागल्या. सून दोन फळ्यांची टोकं जिथे भेटत तिथे मध्ये पट्टी धरून फट सोडत होती. भिंतीपाशी तर चांगली बोटभर. तात्यांनी तिथे बोट घालून पाहिलं.

"अगं, हे काय? उंदीर जाईल यातून."

"तात्या, उन्हात फळी वाढते. लांबीला वाढते. तिला जागा नको का?"

"लाकूड रुंदीला फुगतं. लांबीला फुगलेलं मी तरी जन्मात पाहिलं नाही."

"पण हे लाकूड नाही. तुम्हीच रोज सांगता."

तात्यांनी पुढची फळी उचलून दिली. पटलं मात्र नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी सून दुसऱ्या कामाचं माप घ्यायला गेली. "तेवढं झाडून घ्या, तात्या," एवढं सांगून गेली. तात्यांनी झाडलं. मग उभे राहून पाहिलं. एरवी काम देखणं झालं होतं, पण फटी काही त्यांना चैन पडू देईनात. लहान मुलांची बोटं अडकतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कारण सापडलं की माणसाला धीर येतो. त्यांनी उरलेल्या तुकड्यांतून पातळ चिपा काढल्या, रंग जुळवला, रेषा जुळवल्या आणि एकेक चीप गोंद लावून फटीत ठोकली. भिंतीपाशी पाचरी मारल्या. वरून तासून, घासून, हात फिरवून पाहिला. दुकान बंद झाल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत ते चक्क शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी काम ताब्यात द्यायला मुलगा आला. पाळणाघराच्या बाई करड्या स्वभावाच्या होत्या, सहजासहजी कशाला चांगलं म्हणणाऱ्या नव्हत्या. त्यांनी वाकून हात फिरवला. "अहो, जोड कुठे आहे तेच कळत नाही!" मुलगा असा फुलला, जणू त्यानेच केलं होतं. तात्या मागे उभे राहून खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. सुनेला त्यांनी सांगितलं नाही. कधीतरी बाईंच्या तोंडूनच तिच्या कानावर जाईल, आपण कशाला आपला ढोल वाजवा.

उन्हाळा लागला आणि बाईंचा फोन आला. तिघेही गेले. दारापासून गच्चीच्या मध्यापर्यंत फळ्या कमान करून उठल्या होत्या. बाहेर उघडणारं दार त्या उंचवट्याला अडून बसलं होतं आणि तिघांना अंग चोरून बाहेर यावं लागलं. आदल्या दिवशी एक मुलगी तिथेच ठेचकाळली होती, गुडघा फुटला होता. बाकीची मुलं आत, काचेला नाकं लावून उभी होती.

"हे तुमचं काम?" बाईंनी मुलाला विचारलं.

मुलगा बायकोकडे वळला. "गॅप सोडली नव्हतीस? एवढी साधी गोष्ट?"

सून गुडघ्यावर बसली. जोडावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आत जाईना. तिने जोर लावून खरवडलं. बऱ्याच वेळाने एक चीप उचकटून आली. तोच रंग, तीच रेष, कागदासारखी सरळ कड. असं काम करणारा माणूस त्या घरात एकच होता. तिने मान वर करून तात्यांकडे पाहिलं. मग चीप मुठीत घेतली आणि उठली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "गॅप कमी पडली."

खोटं कशाला बोला, तात्यांना आधी हायसं वाटलं.

बाईंनी हात झटकले. "खालच्या अंगणाचं कामही तुम्हालाच देणार होते. अजूनही देईन, पण या नकोत. दुसरा कुणी माणूस पाठवा."

"हो, हो. मी कारागीर बघतो," मुलगा घाईघाईने म्हणाला. "हिला ऑफिसात बसवतो, फोन घ्यायला."

 मोजायची टेप सुनेच्या हातात होती, ती तिने उगाच घट्ट धरून ठेवली.  घरी बसवणार म्हटल्यावर कसं वाटतं, हे त्या गच्चीवर तात्यांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ते तिने त्यांच्या वाटचं उचलून घेतलं होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"फट तिने सोडली होती," तात्या म्हणाले. मग बाईंकडे वळून पुन्हा म्हणाले. "तिने सोडली होती. मी बुजवली."

"काय?" मुलगा म्हणाला.

"चिपा मारल्या. सगळीकडे. भिंतीपाशी पाचरी." आणि राहवेना म्हणून, "एकही हलणार नाही."

"तेच तर झालंय, तात्या!" मुलगा ओरडला. काचेपलीकडची मुलं दचकली. "सांगितलं होतं मी तुम्हाला! आता पुरे. तुम्ही घरी."

तात्यांनी मान हलवली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. हत्यारांची पिशवी उचलून ते दाराच्या त्या अरुंद फटीकडे निघाले.

"कुठे निघालात?" सुनेने विचारलं.

"घरी."

"आधी माझं ऐकून घ्या." ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "पोरीचा गुडघा फुटलाय तिकडे. मला न विचारता माझ्या कामाला हात लावलात. तुमच्या जोडाला कुणी असा हात लावला असता तर?"

"तंगडी मोडली असती त्याची."

"मग?"

तात्यांनी पिशवी खाली ठेवली.

"अगं, जाऊ दे ना त्यांना," मुलगा म्हणाला.

"काम कोण करतं? तू की मी?"

मुलगा बाईंकडे बघायला लागला. बाई सुनेकडे बघत होत्या.

"सगळ्या फळ्या सोडवून टोकं कापायला लागतील," सून बाईंना म्हणाली. "माल आमचा, मजुरी आमची. मुलांना तोवर इकडे सोडू नका." बाईंनी मान हलवली. मग सुनेने पहिली फळी सोडवली, आडवी ठेवली, टेपने मापलं, काटकोन बघायला गुण्या लावला आणि पेन्सिलीने रेघ मारली. पेन्सिल खाली ठेवून ती बाजूला झाली.

"कापा."

तात्यांनी आजवर दुसऱ्याने मारलेल्या रेघेवर करवत चालवली नव्हती. ते हळूहळू गुडघ्यावर बसले, पिशवीतून करवत काढली, फळीवर डाव्या हाताने भार दिला. दाते रेघेवर टेकवले आणि थांबले. मग मान वर करून त्यांनी सुनेला विचारलं, "रेघेच्या अलीकडून कापू, की पलीकडून?"