उंच बाईचा ओटा

टाचणीचं लग्न झालं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती, आणि ते तिचं पहिलंच लग्न होतं. हे नाव तिला शिवणाच्या दुकानातल्या मुलींनी ठेवलेलं. उंची चार फूट नऊ इंच, आणि बोलणं टोचणारं. पण ज्याला टोचायचं त्याला जागेवर धरूनही ठेवायचं. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची पहिली बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मास्तर आधी कोटाचं अस्तर बदलून घ्यायला दुकानात आले, मग एक बटण लावून घ्यायला आले, मग काहीच काम नसताना आले, आणि मुलींना जे कळायचं ते कळलं.

मास्तरांच्या घराला खोल्या दोन, आणि स्वयंपाकघर सात फूट बाय पाच. पण त्या एवढ्याशा जागेत काय नव्हतं? चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या बायकोने एकेक वस्तू हेरून, मास्तरांच्या मागे लागून आणवली होती. शेगडीचं झाकण मिटलं की त्याचाच ओटा व्हायचा. टोस्टर खणात बसवलेला. खण ओढला की तो मान वर करून बघायचा. कपाटाचं दार उघडलं की आतून इस्त्रीची फळी आडवी पडायची. ओट्याच्या फटीतून जेवणाचं टेबल सरकत बाहेर यायचं. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे पीठ मळायचं फिकट हिरवं, अवजड यंत्र. ते ओट्याखालच्या कपाटात स्प्रिंगच्या फळीवर दडलेलं असे. फळीला हात घालून जरा उचललं, की यंत्र वळसा घेत वर येई आणि खट् करून ओट्याच्या पातळीला थांबे.

पहिल्या दिवशी टाचणी तासभर नुसती दारं उघडत-मिटत बसली. शिवणीच्या आत चार बोटं कापड दडवून ठेवावं, तसं या बाईने इथे अख्खा संसार दडवला होता. जिवंत असती तर हिच्याशी आपलं जमलं असतं, असं टाचणीला वाटून गेलं.

अडचण एकच होती. ती बाई पाच फूट आठ इंच होती, आणि घरातली प्रत्येक वस्तू तिच्या मापाने बसवलेली. ओटा टाचणीच्या छातीशी येई. यंत्र वर घेणं जमायचं. पण खाली घालायला दोन्ही बाजूंचे खटके एकदम दाबावे लागत, आणि त्यांच्यावर अंगाचा भार टाकायचा तर मुळात त्यांच्या वर पोचायला हवं. तिने तेलाचा एक रिकामा डबा उपडा घातला आणि त्यावर चढून काम करू लागली. काम आटोपलं की डबा दारामागे जाई. मास्तर चहाला येत, टेबलाशी बसत, लिफ्टच्या गोष्टी सांगत. डबा त्यांच्या नजरेला कधी पडला नाही.

बोलायला टाचणी कुणाला भीत नसे. पण इथे प्रश्न मास्तरांच्या लेकीचा होता. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि दर रविवारी वडिलांकडे यायची. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तिने ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "आईचं सगळं आहे तसंच ठेवलंत, बरं केलंत." टाचणीला ती 'तुम्ही' म्हणे, आणि त्याच्या पुढेमागे कुठलंही नातं लावत नसे. आई म्हणणं शक्य नव्हतं, मावशी म्हणणं तिच्या जिवावर येत असावं. टाचणीनेही घाई केली नाही. पण त्या एका वाक्यानंतर ओट्याबद्दल तिने तोंडातून ब्र काढला नाही.

चार महिने असे गेले. मग एके दिवशी सकाळी खटके दाबताना डबा सरकला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट बघता बघता सुजलं. शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट म्हणजे तिचं सगळंच. मास्तर घाबरेघुबरे होऊन तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले, आणि एक्स-रेच्या खोलीत समोर लेकच उभी.

लेकीने तिचा हात काचेवर ठेवला. सुजलेली बोटं एकेक करून, न दुखवता, सरळ केली. आजवर दोघींनी एकमेकींना हात लावलेला नव्हता.

"कशा पडलात?"

"पाय घसरला. फरशी ओली होती."

लेक रोज वीस पडलेली माणसं बघायची. कोण कसं पडलं ते तिला हातावरून कळे. तिने हात काचेवर नीट जुळवला. टाचणी श्वास रोखून बसली आहे हे पाहून म्हणाली, "श्वास घ्या. हाताचा फोटो आहे, छातीचा नाही."

हाड शाबूत होतं. तीन आठवडे सुई धरायची नाही, एवढ्यावर भागलं.

घरी आल्यावर मास्तर चहा करायला स्वतः स्वयंपाकघरात गेले, आणि एका कोपऱ्यात चेपलेला डबा त्यांना दिसला. आयुष्यभर त्यांनी लोकांना वरच्या मजल्यावर पोचवलं होतं, आणि घरातली बाई डब्यावर चढत होती. पुढच्या रविवारी त्यांनी कुणाला न विचारता सुताराला बोलावून आणलं.

सुताराने टेप लावून मापं घेतली. ओटा सहा इंच खाली आणता येईल, पण मग यंत्राचं कपाट जाईल, टेबलाची फट जाईल, शेगडीही नवी लागेल. थोडक्यात, सगळंच काढावं लागेल. मास्तर म्हणाले, काढा. तेवढ्यात दारात लेक उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. खांद्यावरची पिशवी तिने हळूच खाली ठेवली.

टाचणी दुखरा हात गळ्यातल्या पट्टीत अडकवून आतून आली. "दादा, टेप गुंडाळा," ती सुताराला म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "अहो, मी तुम्हाला हे सांगितलं होतं का? जुना कपडा आतून उलटून पाहिल्याशिवाय मी त्याला कात्री लावत नाही. एवढं सुरेख केलेलं काम आहे, ते मोडून मला उंची नको."

लेकीची नजर कोपऱ्यातल्या चेपलेल्या डब्यावरून तिच्याकडे वळली. "डब्यावर उभ्या राहत होतात?"

टाचणीने मान हलवली.

"किती दिवस?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि माझ्यामुळे बोलला नाहीत."

टाचणीने नजर ओट्याकडे वळवली.

लेक ओट्यासमोर फरशीवर बसली. ओट्याच्या तळाशी, कपाटाच्या दारांखाली, वीतभर उंचीची एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. तिच्यावर ती बोटांनी टकटक करत सरकू लागली. मधोमध आवाज पोकळ आला. तिने सुताराकडे पटाशी मागितली. सुताराने ती दिली नाही, स्वतःच खाली बसून रंगाचा जाड थर चारी बाजूंनी अलगद चिरला, आणि दोघांनी मिळून फळी ओढली. ती कुरकुरत पुढे आली. तिच्यामागे लाकडाची एक भक्कम पायरी होती, वर रेघांचं रबर ठोकलेलं.

पाच वर्षांची असताना लेकीला कपबश्या विसळायच्या असत आणि हात पोचत नसे. रोज रडारड. शेवटी आईने ओट्याखालची वाया जाणारी जागा शोधून ही पायरी करून घेतली होती. पुढे लेक आईसारखीच ताडमाड वाढली, पायरी आत गेली, आणि एका रंगकामात कायमची बंद झाली.

"रंग मीच दिला होता," मास्तर म्हणाले. "आणि आत काय आहे ते वाकून पाहिलं नाही."

लेक म्हणाली, "चढा."

टाचणी चढली. ओटा तिच्या कमरेशी आला. दोन्ही खटके आता तिच्या हाताखाली होते, पण उजवा हात बांधलेला. लेक शेजारी उभी राहिली. डावा खटका टाचणीने दाबला, उजवा लेकीने, आणि यंत्र वळसा घेत शांतपणे खाली गेलं.

मग लेकीने विचारलं, तुम्हाला पाव करता येतो का. आईचा पाव शिकायचा राहून गेला होता. टाचणीने सांगितलं, तुझ्या आईसारखा होणार नाही. लेक म्हणाली, नाही झाला तरी चालेल. यंत्र पुन्हा वर आलं. टाचणीने पायरीवरून डाव्या हाताने पीठ मापलं, बाकीचं लेकीने तिच्या सांगण्याबरहुकूम केलं. सुताराने पायरी ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांना मेण घासलं आणि पाव होईपर्यंत तो टेबलाशी बसून राहिला. पाव एका बाजूने जरा करपला. चौघांनी तो गरम गरम संपवला.

सोमवारी मास्तर आपली जुनी हत्यारांची पेटी घेऊन ओट्याखाली शिरले. दुपारपर्यंत त्यांचे फक्त पाय दिसत होते. लिफ्टच्या दाराला असते तशी एक बारीक तार घालून त्यांनी दोन्ही खटके जोडून टाकले, म्हणजे एक दाबला की दुसरा आपोआप सुटावा. धूळ झटकत बाहेर आले आणि बाजूला उभे राहिले.

"दाबून बघा."

टाचणीने डाव्या अंगठ्याने दाबलं.

"जड जातंय?"

"नाही," ती म्हणाली. तिने यंत्र वर घेतलं आणि पुन्हा एकदा खाली सोडलं, नुसतंच.

बुधवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. लेक होती, हातात पिठाची पुडी. घरी जाता जाता वाटेत थांबले, म्हणाली. तिचं घर दवाखान्यापासून अगदी उलट्या दिशेला होतं, हे तिघांनाही माहीत होतं. टाचणीने पायानेच पायरी बाहेर ओढली आणि तिला म्हणाली, "हात धुऊन ये आधी."