इलोंकाबाईंचे गुडघे

त्रिग्लाव पर्वत चढला नाही तो स्लोव्हेनियाचा नाही, असं त्या देशात म्हणतात. नेझ्का जन्मली त्रिग्लावच्या पायथ्याशी, बोहिंजच्या खोऱ्यात, आणि ती काही तो चढली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बरं, बाई धंद्याने वाटाडी. बावीस वर्षं ती लोकांना पाच-पाच दिवस कुरणांतून, तळ्यांकाठून पायी हिंडवत होती. तुम्ही किती वेळा वर गेलात, असं कुणी विचारलं की बेधडक सांगायची, "नऊ वेळा."

चौदाव्या वर्षी शाळेबरोबर गेली असताना शिखराच्या अलीकडच्या धारेवर ती लोखंडी खुंटीला मिठी मारून बसली होती. मास्तरांनी धरधरून खाली आणलं. ती भीती तिने पुढे कुणाला सांगितली नाही. सहलीच्या शेवटच्या दिवशी मंडळींना शिखरावर न्यायला कड्यांवर नेण्याचा परवाना असलेला वाटाड्या येर्नेय यायचा. त्या दिवशी नेझ्का घोळक्यातलं एक दमलेलं माणूस हेरायची, "तुम्ही नका जाऊ, मी थांबते तुमच्याजवळ," म्हणायची आणि शिखराखालच्या मुक्कामाच्या घरात सुटकेचा निःश्वास टाकायची. लोक उलट तिला मायाळू म्हणायचे.

या खेपेला दमलेलं कुणी नव्हतंच. मग तिने इलोंकाबाईंना धरलं. मुरा नदीकाठच्या सपाट मुलखातल्या या सत्तरीच्या विधवा बाई चारही दिवस सगळ्यांच्या पुढे चालल्या होत्या.

"काल उतारावर तुमचे गुडघे थरथरत होते," नेझ्का शेवटच्या दिवशी सकाळी म्हणाली. "धारेवर पाय लटपटला तर?"

"थरथरत होते? मला नाही कळलं." बाईंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे रागाने पाहिलं. "तू म्हणतेस तर असेल, पोरी. तुला त्यातलं कळतं."

येर्नेय दोर खांद्यावर टाकत म्हणाला, "नेझ्का, तुझ्या टोळीत दर आठवड्याला एक गुडघा हमखास निकामी. साथबीथ आली आहे का?"

नेझ्का हसली खरी, पण चोराच्या मनात चांदणं. बाईंकडे बघायचं तिने टाळलं.

येर्नेय बाकीच्यांना घेऊन वर निघाला. आभाळ अगदी निरभ्र होतं. दोघी मुक्कामाच्या घराबाहेरच्या बाकावर जवाचं सूप घेऊन बसल्या. वर धारेवर माणसं मुंग्यांसारखी सरकत होती.

"माझ्यापायी तुझी दहावी खेप हुकली," बाई म्हणाल्या. "मला फार वाईट वाटतं बघ."

नेझ्का सूप ढवळत राहिली.

"निदान सांग तरी, वर काय काय आहे?"

नेझ्का सांगू लागली आणि सांगता सांगता रंगली. लांब समुद्र दिसतो. पहिल्यांदा आलेल्याला पालथं पाडून दोराचे फटके द्यायची रीत आहे. पत्र्याचा बुरूज आहे, आत गोल बाक, दहाबारा जण आरामात बसतात.

"बाक नवा बसवला का?" बाईंनी विचारलं.

"नवा?"

"एक्याऐंशी साली मी आणि माझा गेझा वर गेलो, तेव्हा गारा लागल्या. त्या बुरुजात आम्ही चौघं चिकटून उभे होतो, पाचव्याला शिरायला जागा नव्हती. बाहेर नुसतं धुकं. गेझा म्हणाला, दिसलं काहीच नाही, पुन्हा येऊ. तो गेला, ते राहिलं. म्हणून आले होते."

नेझ्काचे कान तापले. बाईंचा आवाज मात्र चढला नाही.

"मग पोरी, माझ्या गुडघ्यांना काय झालं होतं?"

"काही नाही," नेझ्का म्हणाली. "थरथरतात ते माझे. मी एकदाही वर गेलेली नाही."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "आत्ता निघालो तर?"

"उशीर झाला. दुपारी ढग येतात."

हे खरं होतं, आणि ते सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटत राहिलं. त्या नुसत्या धारेकडे बघत बसल्या.

दोनच्या सुमारास मंडळी हसत, पाठी चोळत उतरली. येर्नेयने लांबूनच विचारलं, "काय इलोंकाबाई, गुडघे काय म्हणतात?"

नेझ्काने मान खाली घातली.

"दुखतात जरा," बाई म्हणाल्या. "ही होती म्हणून बरं. समुद्र दिसला का रे?"

"लख्ख दिसला."

बाई नेझ्काकडे वळल्या आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "तेवढं तू खरं सांगितलंस."