ओहोटीची वाट

मालेनने काठी उचलली, पण तिचं दुसरं टोक इद्वालने सोडलं नाही.

"ऐकलंस ना मी काय म्हणालो ते?"

"ऐकलं, भावोजी."

"त्या परक्याला मधल्या धारेपर्यंत ने. तिथून तू एकटीच पुढे निघून जा. बोटसुद्धा लावायला नको तुला. उरलेलं भरती बघेल."

शिंपल्या वेचायला आलेल्या बायका टोपल्या कमरेला लावून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, पण कुणी 'अहो, असं काय बोलता' म्हटलं नाही.

तो परका पलीकडे दगडावर बसून वहीत काहीतरी लिहीत होता. उंच, पाठीला चामड्याची पिशवी, बुटांवर चार परगण्यांची धूळ. नाव क्राम, गाव हॅनोवरच्या बाजूचं, असं तोच सांगत होता.

"जर्मन म्हणे!" इद्वाल थुंकला. "फ्रेंच माणूस स्वतःला फ्रेंच म्हणवेल होय? फेब्रुवारीत मेले फौज घेऊन दक्षिणेला उतरलेच की. आणि खिशात सोन्याचं घड्याळ असलेला माणूस पायी कशाला चालेल? किनारा मापायलाच ना?"

इद्वालचा मुलगा एमलिन गेल्या उन्हाळ्यात फ्रेंचांच्या तोफेपुढे गेला होता. पुरायलासुद्धा काही आलं नव्हतं. त्या पोराला मालेनने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. इद्वालने काठी सोडली तशी ती खाडीत उतरली.

नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती प्रवाशांना ही खाडी ओलांडून देत होती. दोन कोस ओली वाळू, मधे नदीच्या धारा, आणि दर भरतीला जागा बदलणारी फसवी रेती. काठी रोवायची, हलवून बघायची, मग पाऊल. क्राम तिच्या पावलावर पाऊल ठेवत येत होता. प्रवाशांकडून उचललेल्या तिच्या इंग्रजीवर आणि त्याच्या मोडक्या वेल्शवर काम भागत होतं.

"भरती कधी?" त्याने विचारलं.

"दुपारी."

"पाणी किती? माणसाएवढं?"

"दोन माणसांएवढं."

त्याने थांबून तेही वहीत लिहिलं. मालेनने वळून वहीकडे पाहिलं. तसं प्रत्येक प्रवासी हेच विचारायचा, पण लिहून कुणी घेत नसे.

मधल्या धारेपाशी पोचेतो धुकं आलं. मागचा किनारा पुसला गेला, मग पुढचाही.

"इथेच थांबा," ती म्हणाली. "मी पुढचं बघून येते."

तो थांबला. तिने मांडीएवढ्या पाण्यातून धार ओलांडली, आणखी तीस पावलं टाकली आणि उभी राहिली. मागे नुसतं पांढरं होतं. आता परत न वळणं, एवढंच काय ते करायचं होतं. एमलिनचा चेहरा आठवायचा तिने प्रयत्न केला, तर त्याचे लहानपणीचे पुढचे पडलेले दातच आठवले.

धुक्यातून आवाज आला. तो तिला हाक मारत नव्हता. वाटेत शिकलेली वेल्श वाक्यं पाठ करत होता, घाबरलेलं माणूस एकट्याने पाढे म्हणतं तशी, जरा मोठ्याने.

"भाकरी. दूध. बाई, रात्रीपुरता आसरा द्याल का? बाई, फार उपकार झाले."

'उपकार' त्याला नीट म्हणता येईना. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मालेनच्या घोट्यांभोवतीचं पाणी थबकलं आणि उलट्या दिशेने वाहू लागलं. भरती लागली होती.

ती वळली. आवाजाच्या रोखाने धावली. या खेपेला धार कमरेला लागली. त्याच्या कोटाची कॉलर धरून तिने त्याला पाण्यात ओढलं.

"पळा! काही विचारू नका, पळा!"

पलीकडच्या खडकांवर ते चढले तेव्हा मागच्या वाळूवरून पाणी फेसाळत येत होतं. क्राम गुडघ्यांवर बसून धापा टाकत होता. धाप कमी झाल्यावर त्याने विचारलं, "मगाशी पुढे काय दिसलं?"

"काही नाही," मालेन म्हणाली. "जा तुम्ही. तो रस्ता डोंगराकडे जातो."

रात्री ती पलीकडे मावशीकडे राहिली आणि सकाळच्या ओहोटीला परतली. वाटभर ती वाक्य जुळवत होती: सोडला त्याला पलीकडे. साधा माणूस होता हो.

किनाऱ्यावर त्याच बायका होत्या. तिला पाहून त्यांनी वाट मोकळी केली, जरा जास्तच मोकळी. कुणी काही विचारलं नाही. इद्वाल होडीला डांबर लावत होता. त्याने तिच्या ओल्या घागऱ्याकडे, रिकाम्या वाटेकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

रविवारी प्रार्थनाघरात बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

चौथ्या दिवशी इद्वाल ताकाचा गडवा घेऊन दारात आला. डोळे खोल गेले होते. गडवा खाली ठेवून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मालेन," तो म्हणाला, "त्याला... कळलं असेल का गं? आपण काय ठरवलं होतं ते?"

मालेनने त्याच्याकडे नीट पाहिलं. वाटेत जुळवलेलं 'सोडला त्याला पलीकडे' ओठांपर्यंत आलं होतं.

"नाही, भावोजी," ती म्हणाली. "त्याला काहीच कळलं नाही."

इद्वालने मान हलवली. बराच वेळ तो मान हलवतच राहिला. तिने गडवा उचलला आणि आत गेली.