पडली नाही, बांधली आहे

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुमचा हिरमोड नको. मी एक जुनी बादली आहे. आंघोळीची नव्हे, बागेतलीही नव्हे. फरशी पुसायची. माझा रंग एकेकाळी निळा होता, आता तो कसला आहे हे मलाही सांगता येणार नाही. माझ्या बुडाला दोन भोके आहेत, आणि ती आपटून पडलेली नाहीत, मुद्दाम पाडलेली आहेत. माणसे लाजेने पाणी पाणी होतात म्हणे. माझी पंचाईत अशी की तेवढे पाणीसुद्धा माझ्यात ठरणार नाही. म्हणून मी इतके दिवस तोंड उघडले नव्हते.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. दुकानात आम्हा बहिणींना एकीत एक बसवून दाराबाहेर टांगले होते. तेव्हा माझा रुबाब काय सांगू! वाटायचे, आपल्यात प्यायचे पाणी भरतील, निदान फुलझाडांना तरी घालतील. एक दिवस एक बाई आल्या, त्यांनी मला वाजवून पाहिले आणि घरी नेले. घरी गेल्या गेल्या माझ्यात फिनेल ओतले. झाले, माझी जागा ठरली. न्हाणीघराच्या दारामागे, ओल्या फडक्याखाली. पाहुणे आले की मला पायाने आत सरकवायचे. हाताने उचलावे एवढी माझी पत नव्हती. मीही मग अंग चोरून बसायला शिकले.

घर तसे चांगले होते. मालकांचे चष्म्याचे दुकान होते. मालकीणबाई दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून चौकटीत बसवायच्या. त्यांना कुठलेही यंत्र उघडून बघायला भीती वाटत नसे. मुलगी कॉलेजात जायची. आणि दोन गल्ल्या पलीकडे मालकांची थोरली बहीण राहायची, मुलीची आत्या. मीही तिला आत्याच म्हणते.

आत्या शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात कायम शिटी. तिने आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट सांगितली, जोरात पळा. मालकांना ती अजून 'बारक्या' म्हणायची, दुकानात गिऱ्हाइकासमोरसुद्धा, आणि मालक कानकोंडे होऊन काचा पुसत बसायचे. पण मासे धरायला त्यांना तिनेच शिकवले होते. तलावाच्या काठावर उभी राहून ती गळ असा भिरकावायची की तो कुठे पडला हे बघायला डोळे बारीक करावे लागायचे.

एका सकाळी तिचे अर्धे अंग गेले. उजवा हात लोंबू लागला, तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द एकेक करून बाहेर येऊ लागले. मालकांनी तिला घरी आणले आणि मला तिच्या खाटेशेजारी ठेवण्यात आले. त्या दिवसांतले सगळे मी सांगणार नाही. बादलीने जे पाहिले ते बादलीतच राहावे. एवढेच सांगते, की एकदा मालकीणबाई तिची चादर माझ्यात पिळत होत्या तेव्हा आत्याने भिंतीकडे तोंड फिरवले. लाज म्हणजे काय हे मला चांगलेच ठाऊक होते. पण माझ्यामुळे नव्हे, माझ्यासमोर कुणी इतके लाजलेले मी प्रथमच पाहिले. त्या दिवशी मला ती फार जवळची वाटली.

हळूहळू ती काठी घेऊन चालू लागली. हात मात्र म्हणावा तसा वळेना. एकदा अंगणात तिने गळाची काठी घेऊन पाहिली. जोर करून फेकायला गेली आणि गळ अडकला तो वाळत घातलेल्या मालकांच्या बनियनमध्ये. सगळे हसले, तीही हसली. मग तिने काठी कपाटामागे ठेवून दिली ती पुन्हा काढली नाही. मी न्हाणीघराच्या दारातून बघत होते. भाचीला मात्र तिने मनातले सांगितले. एक मासा, फक्त एक, तिला स्वतःच्या हाताने धरायचा होता. तो धरला तर हा हात आपलाच आहे असे ती मानणार होती. नाही जमले तर काठी भाचीला देऊन टाकणार होती आणि पुन्हा तलावाचे नाव काढणार नव्हती.

भाचीने ते बाबांना सांगितले. मालकांना एक युक्ती ठाऊक होती. गळ लांब फेकायची गरजच नाही. बोटीमागे सोडायचा आणि बोट अगदी सावकाश चालवत न्यायची. गळाला टांगलेला पत्र्याचा खोटा मासा मागून पोहत येतो आणि खरा मासा फसतो. हातात काठी धरून बसले की झाले. त्यासाठी मालक बोट घ्यायला गेले. पण तिथले भलेमोठे काळे इंजिन पाहिले आणि त्यांची मती गुंग झाली. 'गेले बहिणीसाठी आणि घेऊन आले स्वतःसाठी,' असे मालकीणबाई म्हणाल्या ते काही खोटे नव्हते.

पहिल्या रविवारी बोट अशी उधळली म्हणे, की आत्याची टोपी उडाली. मग गळ सोडला आणि पंचाईत झाली. सर्वांत कमी वेगातही ती बोट पळतच होती. खोटा मासा पोहायचा सोडून पाण्यावर गिरक्या घेत उड्या मारू लागला. पाण्याचीच ओढ एवढी, की आत्याच्या हातात काठी राहीना. वेग आणखी कमी केला की इंजिन खोकून बंद पडे आणि गळ तळाच्या शेवाळात रुते. मालकांनी बोट उलटी चालवूनही पाहिली. पाणी मागून आत आले आणि सगळ्यांचे डबे भिजले. असे बरेच रविवार गेले. एका रविवारी आत्या म्हणाली, तुम्ही जा, मी घरी बरी.

त्याच संध्याकाळी मालकीणबाईंनी मला दारामागून बाहेर काढले. हाताने. त्यांचे म्हणणे सरळ होते. भरलेली बादली पाण्यातून ओढायला किती जड जाते, ते त्यांना ठाऊक होते. मग बोटीलाच ओढायला लावू, म्हणजे तिची घाई आपोआप उतरेल. मालकांनी माझ्याकडे पाहून नाक मुरडले.

"फरशी पुसायची बादली? लोक काय म्हणतील?"

"लोकांना नाही, माशांना दाखवायचीय," मालकीणबाई म्हणाल्या.

त्यांनी काचांना भोके पाडायच्या यंत्राने माझ्या बुडाला शेजारी शेजारी दोन चांगली रुंद भोके पाडली, थोडे पाणी निघून जावे म्हणून. नाहीतर माझ्या चिंधड्या झाल्या असत्या. माझ्या कडीवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून काठालाही चार भोके पाडून त्यातून दोर ओवला. त्या कामात त्या खूश होत्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. मित्रांनो, बादलीजवळ असते काय? पाणी धरता येते, एवढेच. तेवढेही माझे गेले.

पुढच्या रविवारी मला बोटीच्या कडेला बांधून तलावात टाकले. इतके स्वच्छ पाणी मी जन्मात पाहिले नव्हते. दोर ताणला गेला, मी तोंड वासून पाणी अडवू लागले, आणि बोटीची घाई एकदम उतरली. माणूस फिरायला निघतो तशी ती चालू लागली. माझ्या बाजूला थोडी तिरकी जायची, म्हणून मालक चाक जरा उलटे धरून बसले. मागे तो पत्र्याचा मासा शहाण्यासारखा शेपटी हलवत पोहू लागला. आत्याने काठी उजव्या काखेत दाबली, डाव्या हाताने रीळ धरले आणि ती मागच्या पाण्याकडे बघत बसली. मी तिला इतकी शांत कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात समोरून दंतवैद्यांची पांढरीशुभ्र बोट आली. दंतवैद्य मालकांचे ओळखीचे. ते हसले की सगळे दात दिसायचे, आणि ते सारखे हसायचे. मालकांनी घाईघाईने दोर ओढून मला आत घेतले, बाकाखाली ढकलले आणि वर टॉवेल टाकला. त्याबरोबर बोट पुढे झेपावली, खोटा मासा पाण्यावर आला, आत्याच्या हाताला हिसका बसला. मालक हसून हात हलवत होते. पांढरी बोट लांब गेल्यावर त्यांनी मला पुन्हा पाण्यात सोडले. मला त्याचे काही विशेष वाटले नाही. लपवून घ्यायची मला सवय होती.

पण तो तलाव काही आमच्या एकट्याचा नव्हता. कुणी आले की मी आत, गेले की मी बाहेर. एकदा तर खरोखरच मासा लागला होता. नेमकी तेव्हाच एक बोट आली, मालकांनी मला आत ओढले, बोट पळाली आणि दोरा तटकन तुटला. आत्या तुटलेल्या दोऱ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने काठी भाचीच्या खोलीबाहेर टेकवून ठेवली. भाचीने ती उचलून परत तिच्या खाटेशी नेऊन ठेवली आणि अजून एक रविवार, असे म्हणून तिच्याकडून वचन घेतले.

तो रविवार आला. ऊन चांगले वर आले होते. अचानक काठी वाकली आणि आत्याचे डोळे मोठे झाले. ती डाव्या हाताने रीळ फिरवू लागली, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. मासा जोर करत होता, पण बोट हळू होती म्हणून तिला झेपत होते. आणि वळणावरून ती पांढरी बोट आली.

मालक वाकले. त्यांचा हात माझ्या दोरावर पडला.

आत्याने रीळ थांबवले. तिला शब्द जुळवायला वेळ लागायचा, तेवढा तिने घेतला.

"बारक्या, बादली लपवशील," ती म्हणाली. "मला कुठे लपवणार?"

मालकांचे तोंड कानापर्यंत लाल झाले. आजवर मला वाटायचे, शरमेने मान खाली घालणे आपल्यासारख्या फडक्याखालच्यांनाच असते. चांगला इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस इतका लाजलेला मी पाहिला नव्हता.

"ताई, तुझी लाज नाही गं वाटत मला," ते कसेबसे म्हणाले.

"मला आता हळूच जमतं," आत्या म्हणाली.

मालकांनी दोर सोडला. ते सरळ उभे राहिले. पांढरी बोट जवळ आली आणि दंतवैद्य सगळे दात दाखवत ओरडले, "अहो, तुमची बादली पडलीय पाण्यात!"

"पडली नाही, बांधलीय," मालक म्हणाले. "माझ्या मोठ्या बहिणीने मासा धरलाय. जरा लांबून आणि हळू जा."

दंतवैद्यांचे दात मिटले. त्यांनी आमच्याकडे लाट येऊ नये म्हणून इंजिन बंद केले आणि ते बघत राहिले. आत्या पुन्हा रीळ फिरवू लागली. कुणी तिला मदत केली नाही, आणि ती मागतही नव्हती. शेवटी मासा बोटीच्या कडेला आला. वीतभरच होता, पण तिचा होता. भाचीने जाळीत घेतला.

मग सगळ्यांची धांदल उडाली, कारण त्याला ठेवायचे कशात, हे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. आत्या म्हणाली, ती बादली आणा. मला वर ओढून तिच्या मांडीवर ठेवले, मासा माझ्यात सोडला, भाचीने वर पाणी ओतले. आणि ते पाणी, अर्थातच, माझ्या दोन्ही भोकांतून आत्याच्या कपड्यांवर गळू लागले. मासा तडफडत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, आपण बुडालो असतो तर बरे झाले असते. आयुष्यात एकदाच कुणी मानाने मांडीवर घेतले, आणि मी ही अशी.

आत्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि माझ्या बुडाखाली नेला. एक बोट एका भोकात बसवले, दुसरे दुसऱ्यात. मग डावा हात काढून घेतला. उजव्या हाताची ती दोन बोटे थरथरत होती. पण निघाली नाहीत. गळती थांबली. भाचीने आणखी पाणी ओतले, मी दोराच्या भोकांपर्यंत भरले, आणि मासा माझ्यात गोल गोल फिरू लागला. आत्या त्याच्याकडे बघत होती. मालक तिच्या हाताकडे बघत होते आणि रडत होते, दंतवैद्यांच्या देखत.

थोड्या वेळाने आत्या म्हणाली, पाहिला, आता सोडा त्याला. त्याला सोडले. काठी त्या दिवशी तिच्याच खोलीत गेली.

आता फरशीसाठी घरात नवी बादली आहे. मी दारातल्या खिळ्याला टांगलेली असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. दंतवैद्यांनीही एक बादली घेतली आहे. त्यांची पांढरी आहे, हे सांगायला नकोच. माझा दोर आता विरत चालला आहे, काठ चिरला आहे, फार रविवार उरले नसावेत. भोकांची मात्र लाज वाटेनाशी झाली आहे. ती कोणाच्या बोटांच्या मापाची आहेत हे मला कळले आहे.

मित्रांनो, म्हणून तुमच्या घरातल्या बादलीला पायाने सरकवू नका, वाकून हाताने उचला. आणि तुमच्याबरोबर कुणी हळू चालत असेल, तर समोरून कोण येते आहे ते बघून दोर आत ओढू नका.