चौथं पुस्तक

सल्लागार व्हायचं तर काय वाचावं, याची सात पुस्तकांची यादी पावलिस्ता रस्त्यावरची ती कंपनी दर जानेवारीत जाहीर करायची आणि साओ पावलोतली निम्मी होतकरू पोरं ती पाठ करायची. यादी हं, पुस्तकं नव्हे.

एवांद्रोने मात्र कष्ट घेतले होते. मागच्या वर्षी याच कंपनीने त्याला परत पाठवलं होतं आणि तिसरी संधी ती कुणालाच देत नसे. त्यात त्याच्या आईने, दोना इरासीने, इमारतीच्या रखवालदारापासून कोपऱ्यावरच्या पाववाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की पोरगा आता दोतोर, म्हणजे मोठा साहेब, होणार. टाय बांधून लिफ्टने वर जाणारा प्रत्येकजण दोतोरच असतो. पण टाय आला होता, लिफ्टचं तेवढं अडलं होतं.

म्हणून त्याने सातही पुस्तकांचे सारांश ऐकले. जुवेनाल नावाचा एक हसतमुख इसम त्यांचे व्हिडिओ करायचा. पुस्तक केवढंही जाडजूड असो, त्यात त्याला नेमके तीनच मुद्दे सापडायचे. अडचण होती ती चौथ्या पुस्तकाची. ‘मुकी घंटा’, लेखक ओर्लानी. ते दुकानात मिळेना, वाचनालयात मिळेना. अभ्यासगटातल्या सगळ्यांचं मात्र वाचून झालं होतं. एकीला तर शेवटच्या प्रकरणात रडू आलं होतं. जुवेनालनेही त्याचे तीन मुद्दे सांगितलेच होते. मग एवांद्रोनेही ते वाचलं, म्हणजे वाचलं असं सांगायला लागला.

मुलाखत घ्यायला दोघं होते. कंपनीचे भागीदार दोतोर अरिस्तेउ, भुवया पांढऱ्या, आवाज लोण्यासारखा. आणि दोन वर्षांपूर्वीच लागलेली वाल्कीरिया, जी मान डोलावण्यात तरबेज होती. खोलीतला जुनापुराणा एसी कण्हत होता. तो बदलावा की नाही यावर कंपनीने स्वतःच स्वतःला तीन अहवाल दिले होते, त्यामुळे तो टिकून होता.

आधी नेहमीप्रमाणे कोडं घातलं गेलं. कोशिन्या, म्हणजे कोंबडीचे वडे, विकणाऱ्या एका दुकानसाखळीचा नफा का घसरतोय? एवांद्रोने कागदावर तीन चौकोन काढले, प्रत्येकातून तीन बाण काढले, आणि वडे गार झाल्यावर विकले जातात हे एवढ्या भारदस्तपणे सांगितलं, की वाल्कीरियाने ते लिहून घेतलं.

मग अरिस्तेउंनी चष्मा काढला. “आता आमच्या यादीबाहेरचं काही. सध्या काय वाचताय?”

मागच्या वर्षी तो इथेच आपटला होता. खरं बोलून. फुटबॉलचं पान, असं म्हणाला होता. आता त्याची नजर मदत शोधत खोलीभर फिरली. कोपऱ्यात वाल्कीरियाची छत्री निथळत होती. तिच्या वर भिंतीला लाल अग्निशामक नळकांडं होतं आणि त्यावर बनवणाऱ्याचं नाव.

“‘ओली छत्री’,” एवांद्रो म्हणाला. “ग्रिमाल्ट यांचं.”

एसी तेवढा कण्हला.

“हो, वाचलंय मी,” वाल्कीरिया मान डोलावत म्हणाली. “चांगलं आहे. शेवटी जरा लांबलंय.”

अरिस्तेउंनी मुद्दे विचारले. एवांद्रोने सांगून टाकलं: छत्रीने पाऊस थांबत नाही, भिजायचं कुणी, हे तेवढं ठरतं, आणि ओली छत्री नेहमी दुसऱ्याच्या दारात ठेवावी. वाल्कीरियाने तेही लिहून घेतलं. तिसरा मुद्दा तिने दोनदा अधोरेखित केला.

अरिस्तेउंनी तिला कॉफी सांगायला बाहेर पाठवलं. मग ते उठले, कोपऱ्यात गेले, खिशातल्या रुमालाने नळकांड्यावरची धूळ पुसली आणि नाव सावकाश, ओठ हलवत वाचलं.

एवांद्रोच्या डोळ्यांपुढे आई आली. मग रखवालदार. मग पाववाला, तो तर हसतच होता. “दोतोर, मी माफी…”

“गप बस, बाळा.” ते एकदम अरे-तुरेवर आले होते. “वाल्कीरियाने वाचलंय म्हणते. तिला खोटं पाडायचंय का तुला?”

“नाही, दोतोर.”

“माझ्या मुलाखतीच्या वेळी इथे हे नळकांडं नव्हतं,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “आगीचे नियम नंतर आले.” आणि त्यांनी वर पाहिलं.

एवांद्रोनेही पाहिलं. कण्हणाऱ्या एसीच्या पिवळट कपाळावर झिजलेली अक्षरं होती: ओर्लानी.

त्याला अभ्यासगटातली ती रडलेली मुलगी आठवली. जुवेनालचे तीन मुद्दे आठवले.

“बरं,” अरिस्तेउ चष्मा चढवत म्हणाले. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. “यादीतलं चौथं पुस्तक कसं वाटलं?”

नोकरी याच उत्तरावर होती, हे एवांद्रोला कळलं. त्याने टाय सारखा केला.

“अप्रतिम, दोतोर. शेवटी जरा लांबलंय.”

“हं,” अरिस्तेउ म्हणाले, आणि दार उघडून त्यांनी कॉफीचे कप दोनाऐवजी तीन सांगितले.

पुढच्या जानेवारीत यादी आठ पुस्तकांची निघाली. ‘ओली छत्री’ पाचव्या क्रमांकावर होतं. जुवेनालने त्याच आठवड्यात व्हिडिओ टाकला. एवांद्रोने तो ऑफिसात, एसीखाली बसून, मन लावून पाहिला. जुवेनालच्या तीन मुद्द्यांपैकी एकही त्याचा नव्हता, पण दुसरा त्याला फार पटला. तो त्याने लगेच लिहून घेतला.