डिझेलमधलं पक्षांतर

स्टुटगार्टात बागा तयार करून देणारा गुरुदत्त बारा वर्षं अमेरिकन पिकअप चालवत आला होता आणि खालच्या मजल्यावरच्या नीलच्या जपानी पिकअपला ‘शिलाई मशीन’ म्हणत आला होता. नील उलटून म्हणायचा, "हत्ती आहे तुमचा! वळायलाच अख्खा चौक लागतो." छोटा जेसीबी लादलेला ट्रेलर चढावर एका दमात कोण ओढतं, यावरून दर गणपतीत दोघांची जुंपायची.

आता गुरुदत्तनं गुपचूप जुनी गाडी डीलरला देऊन जपानी घेतली आणि दोन गल्ल्या सोडून लावली. पण बायकोनं, नंदिनीनं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि पेढ्यांचा डबा त्याच्या हातात कोंबला.

"अहो, पहिला पेढा नीलभावजींना. जा नाक मुठीत धरून!"

नीलनं दार उघडलं, तर त्याच्याही हातात पेढे.

"वरच येत होतो. डीलरकडे जुनी अमेरिकन मिळाली. डॅशबोर्डवर गणपतीसुद्धा आहे."

तो गुरुदत्तचाच गणपती, घाईत काढायचा राहिलेला.

गुरुदत्तनं पेढ्यांचा डबा पुढे केला. मग नील म्हणाला, "काही म्हणा, चढावर एका दमात ओढते."

"हत्ती आहे तो!" गुरुदत्त उसळला. "वळायलाच अख्खा चौक लागतो!"